आंबोलीवरून मिठबाव दिसतं का

गजा, यंदा मी आंबोलीला एस.टी.ने गेलो आणि मला खिडकीची जागा मिळाली. हे तुला कळलं असतं तर तू सावंतवाडी स्टँडवर पोट धरून हसला असतास. इतकी वर्षं मी तो घाट तुझ्या पिकअपच्या हौद्यात बसून चढलो, ताडपत्रीखाली, आंब्याच्या रिकाम्या क्रेटवर. पुढे केबिनमध्ये तू, तुझी शालन आणि माझी मंगल. मागे मी, गवताच्या पेंढ्या आणि तुझं ते कुठल्याच चाकाला न बसणारं जुनं टायर. "साहेब लोकांका मोकळी हवा लागता," असं म्हणून तू मागचं फळकं लावायचास आणि वर बाहेरून कडी घालायचास. कणकवलीच्या सरकारी कचेरीत मी जन्म खुर्चीत बसून काढला, पण तुझ्या गाडीत मला कधी खुर्ची मिळाली नाही. घाटातले धबधबे मला नेहमी ते मागे पडल्यावर दिसायचे, आणि ताडपत्री फाटलेली असली की अंगावर दिसायचे. यंदा पहिल्यांदा समोरून पाहिले.

चांगले आहेत रे. तू सांगायचास तितके उंच नाहीत, पण चांगले आहेत.

तू ज्येष्ठात गेलास. बागेतले शेवटचे आंबे उतरवून झाले, शेवटची पेटी बांधून झाली, अंगणात खुर्ची टाकून तू चहा मागितलास आणि चहा यायच्या आत गेलास. मिठबावात जो तो म्हणत होता, "भाग्यवान माणूस, सीझन आटपून गेलो." मला त्या सगळ्यांचा राग आला. आंब्याचा सीझन आटपला होता. तुझा स्वतःचा सीझन त्यानंतर सुरू व्हायचा, हे त्यांना कोण सांगणार?

तुझं वर्ष मला पाठ होतं. पाऊस सरला की पालवीची काळजी, मग मोहराची, मग फवारणी, मग तुडतुडे, मग वांदर, मग पेट्या, मग मुंबईचा दलाल. माणूस म्हणून तू मोकळा व्हायचास तो फक्त श्रावणात. आणि श्रावणात घरात मासे नाहीत. मिठबावच्या माणसाला श्रावणात घरी बसवणं म्हणजे शिक्षाच. "बांगडो नाय तर निदान धबधबो तरी बघूया," असं म्हणून तू दरवर्षी कणकवलीत माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवायचास. मी शंभरदा सांगितलं, गजा, आंबोलीवरून काही बघायचं असेल तर पाऊस गेल्यावर जायचं असतं. पावसात तिथे धुक्याशिवाय काही नसतं. तू म्हणायचास, "ऑक्टोबरात मी डोंगर बघूक जायन, मगे हापूस काय वांदर विकतले?"

म्हणून आपण सगळी प्रेक्षणीय स्थळं न बघता बघितली. लोक आंबोलीला जाऊन आले की दऱ्यांचं वर्णन करतात. मी रेलिंगांचं करू शकतो. कोणत्या पॉइंटचं रेलिंग गंजलंय, कोणत्याला निळा रंग दिलाय, कुठे कोणी कोणावरचं प्रेम खिळ्याने कोरलंय, सगळं मला ठाऊक आहे. रेलिंगच्या पलीकडे पांढरं. आणि त्या पांढऱ्याकडे बोट दाखवून तू आम्हाला बारीकसारीक सांगायचास. "ह्यो बघ, हयसून खाली तेरेखोल नदी जाता. थंय ती वाडी. आणि त्या माडांच्या मागे..." आमच्याबरोबर रेनकोट घातलेली कुठकुठची अनोळखी माणसंसुद्धा तुझ्या बोटाकडे बघत "हो का?" म्हणायची. एका बाईंनी तर तू दाखवलेल्या वाडीचा फोटो काढला होता.

कावळेसादचा प्रताप मी विसरलेलो नाही. तिथे दरीतून वारा असा उसळतो की धबधब्याचं पाणी खाली पडायचं सोडून उलटं वर उडतं. "हयसर टाकलेली वस्तू परत येता," असं तू जाहीर केलंस आणि ते सिद्ध करायला माझ्या डोक्यावरची माकडटोपी काढून दरीत भिरकावलीस. मंगलने विणलेली, नवीकोरी. टोपी खरोखर परत आली. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेली आणि मागे एका कोल्हापूरच्या गृहस्थांच्या कांदाभज्यांवर उतरली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून "कुणाची हाय ही?" असं विचारलं, तेव्हा तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "सरकारी आसा." अजून त्या टोपीला तेलाचा वास येतो. मी ती यंदाही घालून गेलो होतो.

पण आपलं खरं भांडण महादेवगड पॉइंटवरचं. ते राहूनच गेलं.

तू मिसरूड फुटायच्या वयात ट्रकवर क्लीनर म्हणून एक खेप केली होतीस. आंबा घेऊन बेळगावला. घाट चढून वर आल्यावर ट्रक बंद पडला, ड्रायव्हर सामान आणायला गेला, आणि तू कंटाळून पॉइंटपर्यंत चालत गेलास. आणि तिथून तुला समुद्र दिसला. इथपर्यंत माझी काही हरकत नव्हती. हवा स्वच्छ असली तर महादेवगडावरून समुद्राची कड दिसते असं इतरही लोक सांगतात. पण तू समुद्रावर थांबतोस कुठला? पहिल्या वर्षी नुसता समुद्र होता. दुसऱ्या वर्षी त्याला मिठबावची किनार आली. मग माड आले. मग तुमचं घर आलं. शेवटी शेवटी तर घराच्या मागच्या अंगणात तुझी आई बांगडे वाळत घालत होती, तीही तुला दिसली.

"लुगडा खंयच्या रंगाचा होता?" मी विचारलं होतं.

"हिरवा," तू एका क्षणात म्हणालास. "आणि पदराक ठिगळ."

अरे, आंबोली कुठे, मिठबाव कुठे! मधे अख्खा जिल्हा पसरलाय. मी तुला नकाशा काढून दाखवला, पट्टी लावून दाखवली. म्हटलं, फार तर वेंगुर्ला दिसलं असेल, तेही नशिबाने. तू नकाशा उलटा धरून बघितलास आणि म्हणालास, "ह्यो नकाशो सरकारी आसा. सरकारी माणसाक सरकारी कागदात जा दिसता ताच खरा."

आणि मग तुझं ते गाऱ्हाणं. आपल्याकडे गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. एकाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने बोलायचं, आणि त्याच्या प्रत्येक बोलाला बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. होडी पाण्यात ढकलायची असो की पोरीचं लग्न ठरवायचं असो. पण धुकं हटावं म्हणून पर्यटनस्थळी गाऱ्हाणं घालणारा माणूस मी तरी तुझ्याशिवाय पाहिला नाही. रेलिंगपाशी नारळ ठेवून, रेनकोटची टोपी मागे सारून, तू खणखणीत आवाजात सुरू करायचास.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी चार लेकरां पावसापाण्यातसून घाट चढान इलेली हत..."

"होय म्हाराजा!" शालन आणि मंगल.

"तेंच्या डोळ्यांपुढे ह्या जा काय धुका इलेला आसा..."

"होय म्हाराजा!"

"ता वायच बाजूक कर, आणि माझा मिठबाव माका दाखय! आणि ह्या साहेबाच्या डोक्यात जा काय धुका आसा, ता पण बाजूक कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात मंगलचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा.

मी गप्प. मी देव मानत नाही असं नाही, पण हवामानखात्याचं काम देवाला सांगायचं नाही, असं माझं मत. धुकं हटायचं नाही. आणि तू माझ्याकडे वळायचास. ग्रामपंचायतीत एकदा निवडून आल्यापासून तुला तो शब्द सापडला होता. "तीन तोंडां म्हणतत आणि चवथा मुकाट. देव तरी काय करतलो? कोरम नाय!"

मी म्हणायचो, कोरमचा प्रश्नच येत नाही. तू हाक मारतोस तो आपल्या मिठबावचा देव. त्याची हद्द गावच्या शिवेपर्यंत. इथे आंबोलीच्या देवाचं राज्य. अर्ज चुकीच्या कचेरीत गेलाय, तो निकाली निघणार कसा? तू हे हसण्यावारी नेलंस. पण पॉइंटजवळच्या चहाच्या टपरीवरच्या मावशीने ते ऐकलं आणि ती कणसं भाजायची सोडून उठली. "तेच म्हणतंय मी! आमच्या देवाक इचारल्याशिवाय तुमचो देव हयसर काय करतलो? पावण्यान पावण्यासारख्या ऱ्हवाचा!" तिचं तोंड सुटलं आणि तू कान धरून उभा राहिलास. त्या दिवशी इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या बाजूने बोललं.

दुसऱ्या वर्षी तू दोन नारळ घेऊन आलास. पहिला तिच्या देवाला, दुसरा आपल्या. धुकं त्या वर्षी जास्तच दाटलं. मी काही बोलायच्या आत तूच खुलासा केलास, "दोघांव देव एकमेकांका 'तुमी पयलो, तुमी पयलो' करत बसलेहत."

आता हे सगळं लिहिताना हसू येतंय आणि मग लगेच दुसरं काहीतरी येतंय. निवृत्त झालो तेव्हा मी घराच्या पडवीत बसून वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करत असे, आठवतं? मंगल काळजीत पडली होती. तू आलास, माझ्या हातातलं पेन घेतलंस, खिशाला लावलंस आणि म्हणालास, "चल, घाटात चुको काढूक जावया." ते पेन तू परत दिलं नाहीस आणि मीही मागितलं नाही. तुझ्याशी भांडता भांडता माझी म्हातारपणाची पहिली वर्षं कशी गेली ते मला कळलंच नाही. हे तुला तोंडावर कधी सांगणार नव्हतोच. तू लगेच सगळ्या गावाला सांगितलं असतंस.

यंदा श्रावण लागला आणि मी हॉर्न वाजणार नाही हे ठाऊक असूनही सकाळी फाटकाकडे बघत होतो. एके सकाळी फाटक वाजलं. शालन वहिनी. मिठबावहून एकटी, एस.टी.ने, हातात छत्री आणि कापडी पिशवी. पिशवीत दोन नारळ होते ते बाहेरूनच कळत होतं.

"भावजी, माका आंबोलीक जावचा आसा," ती पायरीवर पाय पुसत म्हणाली.

मंगलने तिला आत घेतलं, चहा केला. वर्षसुद्धा झालेलं नाही, लोक काय म्हणतील, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"लोक म्हणतले, घोव मेलो आणि ही धबधबो बघूक गेली," शालन वहिनीच म्हणाली. "म्हणांदेत. तेराव्याक माझ्या घराकडे बसान सगळे ह्येंच्या थापोच सांगी होते. ह्यांव सांगलेल्यान, त्यांव सांगलेल्यान, आणि हसत होते. मी पण हसलंय. मगे रातीक झोप येयना. भावजी, त्या महादेवगडावरसून ह्येंका घर दिसला, ता खरा काय थाप?"

मी नकाशाबद्दल सांगायला तोंड उघडलं. मंगलने माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचा कप तोंडाला लावला.

मग शालन वहिनीने मला जे सांगितलं ते तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतंस. त्या बेळगावच्या खेपेनंतर तू मुंबईला जाणार होतास. गिरगावात कुणा मामाच्या ओळखीने नोकरी ठरली होती, गाडीचं तिकीटसुद्धा काढलं होतं. ट्रकवरून परत आलास आणि आईला म्हणालास, मी खंय जायत नाय. वरसून आपला घर दिसला, माका थंयसून परत येवचा वाटला. आणि खरोखर गेला नाहीस. तुझ्या वर्गातले सगळे मुंबईला गेले, मी कणकवलीला का होईना पण गेलो, तू एकटा मिठबावात राहिलास. म्हणून तिच्या बापाने तुला शोधलं, म्हणून तुमचं लग्न झालं, म्हणून ती बाग आहे.

"माझो सगळो संसार त्या एका दिसण्यावर उभो आसा," ती म्हणाली. "थाप आसली तर आसांदे. पण खंयच्या थापेवर मी संसार केलंय, ता माका एकदा बघूचा आसा."

मग काय, निघालो. कणकवलीहून सावंतवाडी, सावंतवाडीहून आंबोली. खिडकीची जागा मला दोघींनी मिळून दिली, "ह्येंका बिचाऱ्यांका कधी दिसूकच नाय" असं म्हणून. दाणोली सोडली आणि घाट लागला. कंडक्टर ओरडत होता, दरवाजात उभी राहिलेली पोरं प्रत्येक धबधब्याला शिट्ट्या मारत होती, आणि मी काचेवरची वाफ पुसत होतो. अर्ध्या घाटात धुकं सुरू झालं. मला बरं वाटलं, खरं सांगतो. धुकं असलं म्हणजे काही दिसणार नाही, आणि काही दिसलं नाही म्हणजे काही ठरणार नाही.

स्टँडवरून रिक्षा करून महादेवगडाला गेलो. मावशीची टपरी तिथेच. तिने आम्हाला बघितलं आणि हातातल्या कणसाने मागे बोट दाखवावं तसं दाखवलं.

"चवथो खंय? गाडी लावता?"

"गाडी नाय, मावशी," मंगल म्हणाली. "आणि तोय नाय."

मावशी शेगडीशेजारच्या डब्यावर बसली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "आवशीक खाव तेच्या. आता मी भांडतलंय कोणाबरोबर?" गजा, हेच वाक्य मी दोन महिने मनात धरून होतो. ते मावशीने म्हणावं याचा मला थोडा हेवा वाटला.

रेलिंगपाशी गेलो. पलीकडे तेच आपलं पांढरं. शेजारी बेळगावची काही पोरं सेल्फी काढत होती. शालन वहिनीने पिशवीतून नारळ काढले आणि आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. गाऱ्हाणं घालणार कोण? रीतीप्रमाणे पुरुषाने घालायचं. पुरुष म्हणून तिथे मी एकटाच. आणि मला ते येत नाही. मी जन्मभर लोकांचे अर्ज घेतले, स्वतः कधी केला नाही. मी तसं सांगितलं तर मंगल म्हणाली, "तुमका ता जमाचाच नाय."

शालन वहिनी नारळ हातात घेऊन तशीच उभी होती. "मी घातलंय तर चलात?" तिने मला नाही, मावशीला विचारलं.

"घाल गो," मावशी म्हणाली. "देव काय दाखले मागता? पण पयलो आमचो."

पयलो तिचो. शालन वहिनीने तिच्या देवाचं नाव घेतलं, मग आपल्या गावच्या देवाचं. आवाज आधी बारीक होता. दुसऱ्या वाक्याला तो चढला, आणि मग मी ओळखलं, चाल तुझी होती. शब्द कुठे ओढायचा, श्वास कुठे घ्यायचा, सगळं तुझंच. इतकी वर्षं शेजारी उभी राहून ऐकत होती ना.

"बा देवा म्हाराजा! माझ्या घोवान सगळो जन्म थापो मारल्यान!"

"होय म्हाराजा!" मंगल आणि मावशी. मावशी जरा जास्तच जोरात.

"माशे धरलेल्याच्यो मारल्यान, वाघ बघलेल्याच्यो मारल्यान, ग्रामपंचायतीत तर काय सांगाचाच नाय..."

"होय म्हाराजा!"

बेळगावच्या पोरांनी मोबाइल खाली केले. त्यांतल्या एकाने टोपी काढली.

"पण ह्या एक तेनी जा सांगलेल्यान, तेच्यावर मी घर बांधलंय, म्हाराजा. ता खरा आसा काय, ता माका एकदा..." तिने रेलिंग धरलं. "एकदा दाखय."

मंगल "होय म्हाराजा" म्हणाली, मावशी म्हणाली. मी तोंड उघडलं. तू म्हणशील, साहेबाचा हट्ट अजून गेला नाही. हट्ट नव्हता रे गजा. आवाजच फुटला नाही. तिथेच उभा राहून मी माकडटोपी डोळ्यांवर ओढली आणि भज्यांचा वास घेत राहिलो.

धुकं लगेच हटलं नाही. देव काही टपून बसलेला नसतो. नारळ फोडले, खोबरं वाटलं, पोरांनाही दिलं. मावशी चहा आणायला वळली आणि खालून वारा आला. पांढऱ्यात एक भोक पडलं. आधी रेलिंगखालचं कारवीचं रान दिसलं, मग खोल खाली एक हिरवा तुकडा, बहुधा कुणाची भातशेती. मग त्याच्याही पलीकडे, पार टोकाला, एक फिकट राखाडी पट्टी.

कोरम नसताना! म्हणजे तुझा तो मुद्दा निकालात निघाला, गजा. ते भांडण मी जिंकलो.

"तो समुद्र?" शालन वहिनीने विचारलं.

समुद्र असेल. ढगाची कड असेल. खाली पसरलेलं धुकंही असू शकेल. चष्म्यावर पाणी होतं, मी काय शपथ घेऊन सांगू? मी सरकारी माणूस. खात्री असल्याशिवाय मी कधी सही केली नाही, हे सगळ्या कचेरीला माहीत होतं.

"होय," मी म्हटलं. "समुद्रच."

"आणि मिठबाव?"

भोक मिटायला लागलं होतं. विचार करायला वेळ नव्हता. मी हात लांब केला आणि बोट दाखवलं. "तो काय. त्या माडांच्या मागे." आणि एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण तुझ्या संगतीत राहून सवय लागलेली. "बघा, अंगणात कोणीतरी काय तरी वाळत घालता," मी म्हटलं.

शालन वहिनी माझ्या बोटाच्या रोखाने बघत राहिली. मग मान हलवली. पांढरं परत आलं. मंगल माझ्याकडे टक लावून बघत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस तिने आधी पाहिलेला नसावा.

चहा झाला. मावशीने कणसं बांधून दिली. परतीच्या एस.टी.त मी खिडकी शालन वहिनीला दिली. मंगल पुढच्या सीटवर बसली आणि बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. घाटात पाऊस मुसळधार सुरू झाला होता, वायपर एका बाजूचाच चालत होता, आणि मी मनातल्या मनात तुला नकाशा दाखवत होतो. पट्टी लावून. खाली सावंतवाडी, वर कणकवली, त्याच्याही वर देवगड, मिठबाव. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. दरीकडे तोंड केलं की मिठबाव उजव्या हाताला. मी बोट दाखवलं होतं डाव्या हाताला. गजा, मी त्या बाईला गोवा दाखवला होता.

बाजूला बघायचं धाडस होईना. शालन वहिनी काचेवर बोटाने रेघा ओढत होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली. "तुमी बोट गोव्याकडे दाखयलात."

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

"माझा म्हायार वेंगुर्ल्याचा. माका कळता थंयची दिशा." ती हसत होती की रडत होती हे मला अंधुक उजेडात नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही. "ह्येंचा बोट पण दरवर्साक थंयच आसायचा. मी कधी बोललंय नाय. आज तुमी पण थंयच दाखयलात, तेव्हा म्हटलंय, होय, ह्याच ता. ह्याच ह्येंका दिसलेला." तिने पदर डोळ्याला लावला आणि माझ्याकडे वळली. "खरा मा, भावजी?"

पुढच्या सीटचा दांडा मी घट्ट धरला. गाडी वळणावर होती.

"होय म्हाराजा," मी म्हटलं.